छोट्या बोटीवर राहायला जायचंय? सराव बडोद्याच्या घरातच करा

बडोद्यातल्या मराठी माणसाला समुद्र तसा लांबचाच. आपल्या जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. गढूळ पाणी, गाळाचा तळ आणि भरती-ओहोटीत प्रचंड फरक. कंबोईच्या स्तंभेश्वराला जाऊन आलेल्यांनी पाहिलंच असेल, भरती चढली की शिवलिंग पाण्याखाली जातं आणि काही तासांनी पुन्हा मोकळं होतं. अशा पाण्यात छोटी बोट नांगरून निवांत राहता येत नाही. म्हणून शिडाच्या बोटीवर काही महिने काढायची हौस असलेले आपल्याकडचे लोक कोकण रेल्वेने गोवा गाठतात, नाहीतर आणखी पुढे कोचीला जातात, तिथे बोल्गाट्टी बेटावर मरिना, म्हणजे छोट्या बोटी लावून ठेवायचा धक्का आहे. आम्ही गोव्याचा रस्ता धरला. बोट २७ फुटांची, राहणारे आम्ही दोघं.

आता ओळखीतली तरुण जोडपी घरी येऊन विचारतात, "काकू, बोटीवर काय काय सोडावं लागतं?" त्यांना मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. एसी सोडावा लागतो, फ्रिज बहुधा सोडावा लागतो, शॉवर, मिक्सर, पाय पसरायची जागा, कपाटं, बंद दाराआडचा एकांत, हे सगळं कमी होतं. पण ते सोडायला बोटीवर पोचेपर्यंत थांबू नका. घरात नळ आणि वीज हाताशी असताना एकेक सवय कमी करा. घरात एखाद्या दिवशी पाणी संपलं तर नळ उघडता येतो. नांगरलेल्या बोटीवर रात्री ११ वाजता पाणी संपलं तर सकाळी छोट्या होडीत रिकामे कॅन टाकून वल्हवत काठावर जावं लागतं.

हा सराव श्रावण-भाद्रपदात करावा, त्याला दोन कारणं आहेत. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर छोट्या बोटींचं काम नसतं. वारा, लाटा, नद्यांना आलेला लोंढा यांमुळे बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. गोव्यात यांत्रिक बोटींच्या मच्छीमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. राहण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे. दुसरं कारण हवेचं. ऑगस्टमधला बडोद्याचा दमटपणा किनाऱ्यावरच्या हवेच्या सगळ्यांत जवळचा असतो. मे महिन्यात सराव कराल तर चुकीचा धडा शिकाल, ते पुढे येईलच.

आधी जागा आखून बघा

गच्चीवर रांगोळीने किंवा खडूने बोट काढा. २७ फुटांच्या शिडाच्या बोटीची रुंदी मधोमध साधारण साडेआठ फूट असते, पण ती बाहेरून. आतली उभं राहायची फरशी दोन फूट रुंद आणि सात-आठ फूट लांब. तिच्या दोन्ही बाजूंना बाकं, त्यांच्याखाली सामान, एका कोपऱ्यात ओटा, पुढे आडोशाला संडास, आणि अगदी पुढे नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) झोपायची जागा. ही जागा सुपासारखी, डोक्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळती. दोघांचे पाय रात्रभर एकमेकांत अडकतात. मग दाराच्या चौकटीला पाच फूट आठ इंचांवर दोरी बांधा. बहुतेक जुन्या बोटींमध्ये डोक्यावर एवढीच जागा मिळते. नवरा सहा फुटांचा असेल तर त्याला दिवसभर त्या दोरीखालून वावरू द्या.

आखलेल्या जागेत दोघांनी मिळून एक चहा करायचा. एकजण ओट्याशी उभा असेल तर दुसऱ्याला पुढे जाता येत नाही, हे तिथेच कळतं. बोटीवर कोण उठतो आणि कोण बसून राहतो हे ठरलेलं असावं लागतं. आमच्याकडे ज्याच्या हातात गरम भांडं त्याला वाट, बाकीच्याने पाय वर घ्यायचे.

एका गोष्टीचा इथेच उल्लेख करते. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची बोट म्हादेई गोव्यात बांधलेली आणि ५६ फुटांची. तिचे फोटो बघून पुष्कळांच्या मनात बोटीचं चित्र तयार होतं, आणि मग २७ फुटी बोटीच्या केबिनमध्ये, म्हणजे आतल्या खोलीत, पाय ठेवल्यावर दचकायला होतं. लांबी निम्मी झाली की रुंदी आणि उंचीही घटते, त्यामुळे आतली जागा निम्म्याहून पुष्कळच कमी होते.

पाण्याचा आठवडा

सगळ्यांत जास्त वेळ याला द्या.

शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. छोट्या बोटीची टाकी सुमारे १०० लिटरची. म्हणजे घरातल्यासारखं वागलात तर एकट्या माणसाला ती दिवसभरही पुरत नाही. दोघांना ती सहा दिवस पुरवायची आहे.

पाण्याच्या दुकानातून २० लिटरचे पाच जार आणा. जारवर बसवायचा दाबायचा पंप मिळतो तो घ्या. मग संडासाचा फ्लश सोडून बाकी सगळ्यासाठी फक्त हे पाच जार. नळाला हात लावायचा नाही. पंप दाबला की एक घोटभर पाणी येतं, सोडला की थांबतं. बोटीवर ओट्याखाली पायाने दाबायचा पंप असतो, त्याचंही असंच. इलेक्ट्रिक पंप आणि तोटी बसवता येते, पण नवख्यांनी पहिल्या वर्षी बसवू नये असं माझं ठाम मत आहे. तोटी उघडी ठेवून दात घासायची सवय मोडायला पायपंपाइतकं चांगलं साधन नाही.

आमचा दिवसाचा हिशोब असा: प्यायला माणशी तीन लिटर म्हणजे सहा, त्यात काटकसर करायची नाही. स्वयंपाक आणि चहाला तीन. भांड्यांना दोन. हात-तोंड-दात मिळून एक. अंघोळीला दोघांत चार ते पाच. एकूण सोळा-सतरा लिटर.

भांड्यांचे दोन लिटर ऐकून बायका हसतात, म्हणून ते कसं होतं ते सांगते. जेवण झालं की ताटं-वाडगे आधी पोळीच्या तुकड्याने किंवा जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायचे, तेलाचा अंशही राहता कामा नये. मग एका छोट्या पातेल्यात वाटीभर पाणी आणि साबणाचे दोन थेंब, त्यात कापड बुडवून सगळं घासायचं. साबण काढायला फवाऱ्याची बाटली वापरायची, इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायला असते तीच. उभं भांडं धरून वरून खाली दोन-तीन फवारे मारले की साबण उतरतो. पेले आधी, तेलकट कढई शेवटी. उघड्या समुद्रात पाणी स्वच्छ असतं तिथे घासणं खाऱ्या पाण्यात आणि शेवटचा फवारा गोड्या पाण्याचा. बंदरात किंवा नदीच्या मुखाशी ते पाणी भांड्यांना लावू नका.

खारं पाणी स्वयंपाकात वापरून गोडं पाणी वाचवता येईल का, असंही विचारतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. किनाऱ्यापासून लांब, बटाटे उकडायला तीन भाग गोड्या पाण्यात एक भाग खारं घातलं तर चालतं, मीठ वेगळं लागत नाही. भाताला नको.

अंघोळीसाठी झाडांवर औषध मारायचा पाच लिटरचा हातपंप नवा आणून ठेवा. अंग ओलं करायला अर्धा लिटर, साबण लावून झाल्यावर दीड-दोन. कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बसायच्या जागेत, दिवेलागणीला, परकर छातीशी बांधून अंघोळ करायची. आपल्या आज्या नदीवर अशाच अंघोळी करायच्या, त्यामुळे मला त्यात कधी अवघडल्यासारखं झालं नाही. घरी सराव करताना बाथरूममध्ये तोच पंप घेऊन बसा. लांब केस असतील तर केस धुवायचा दिवस आठवड्यातून एकच ठेवा आणि तो पाणी भरायला काठावर जायच्या आदल्या दिवशी ठेवा.

सगळं पाणी एकाच टाकीत भरू नका. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती ३२ फुटांच्या सुहेली बोटीतून. ही बोट मुंबईत बांधलेली. वाटेत त्यांच्या टाकीतलं पाणी खराब झालं आणि पावसाचं पाणी साठवत पुढे जावं लागलं. गोव्यात आपल्या हंगामात तेवढा पाऊसही पडत नाही. म्हणून टाकीखेरीज दहा-दहा लिटरचे दोन कॅन वेगळे भरून ठेवायचे आणि ते मोजणीत धरायचे नाहीत.

उकाडा आणि वीज

बडोद्याचा माणूस म्हणतो, मेमध्ये ४२-४३ डिग्री काढतो आम्ही, गोव्याचे ३३-३४ म्हणजे काय! हा समज आधी काढून टाका. आपला उन्हाळा कोरडा असतो, घाम येतो तसा वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. किनाऱ्यावर हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम अंगावर तसाच राहतो. याच कारणाने माठातलं पाणी तिथे हवं तसं गार होत नाही आणि वाळ्याचा कूलर तर नुसती ओल वाढवतो. उन्हाळा काढायचे आपले दोन्ही हुकमी उपाय तिथे लागू पडत नाहीत.

तिथे चालतात सावली आणि वारा. कॉकपिट आणि केबिनच्या छपरावर दोन्हीकडून बाहेर येईल अशी फिक्या रंगाच्या जाड कापडाची कनात ताणायची. डेकवर (बोटीच्या वरच्या फरशीवर) ऊन पडू दिलं नाही तर आत केवढा फरक पडतो ते पहिल्याच दुपारी कळतं. नांगरलेली बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, म्हणून पुढच्या हॅचवर (छपरातल्या झडपेच्या खिडकीवर) कापडाची वाऱ्याची झोळी बांधली की वारा थेट झोपायच्या जागेत उतरतो. हे कापडकाम आपल्याकडे शामियान्याची शिलाई करणारे कारागीर उत्तम करतात. मापं घेऊन बडोद्यातच शिवून न्या.

आता विजेचा हिशोब. १०० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्यातली निम्मीच वापरायची, त्याखाली वारंवार गेलात तर ती लवकर मरते. म्हणजे हातात ५० एएच. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे रात्रभर चालले तर साधारण आठ. एलईडी दिवे तीन. दोन फोन तीन. नांगरलेली बोट इतरांना दिसावी म्हणून रात्री डोलकाठीवर लावायचा दिवा दोन. रेडिओ वगैरे धरून १८ ते २० एएचमध्ये दिवस निघतो. १०० वॅटचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला २५ ते ३० एएच देतं. हिशोब जमला.

यात फ्रिज घाला. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज उकाड्यात २४ तासांत ३० ते ५० एएच खातो. लगेच पॅनल दुप्पट-तिप्पट, दुसरी बॅटरी, जाड वायरी, आणि एवढं सगळं ठेवायला जागा. मिक्सर ७५० वॅटचा असेल तर तो चालताना बॅटरीतून ६० अँपिअरहून जास्त ओढतो, इंडक्शनची शेगडी १५०० वॅटवर सव्वाशे. म्हणून फ्रिजशिवाय राहता आलं तर बोट स्वस्त होते, हलकी होते आणि बिघडायला कमी गोष्टी उरतात. ज्यांना इन्सुलिनसारखं औषध थंड ठेवावं लागतं त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांनी आधी फ्रिजचा हिशोब मांडावा आणि मगच बाकीचं ठरवावं.

घरचा सराव सरळ आहे. गणपतीचे पाहुणे परतले की एक आठवडा फ्रिज रिकामा करून बंद करा, एसीचं बटण टेपने चिकटवा, मिक्सर वर ठेवा आणि खलबत्ता खाली काढा.

फ्रिजशिवाय आणि दोन शेगड्यांवर

यात मराठी स्वयंपाकघराला फार काही शिकावं लागत नाही. भाजणी, मेतकूट, बेसन, पोहे, सुकी लसणीची चटणी, कोकम, लोणचं, कडधान्यं. हे सगळं फ्रिज येण्याआधीचंच आहे. त्यात गुजरातने खाकरा आणि थेपला दिला. खाकरा बंद डब्यात महिनाभर टिकतो आणि समुद्र खवळलेला असताना पोटात टिकणारा तोच. थेपले तीन-चार दिवसांत संपवा, दमट हवेत त्यांना लवकर बुरशी येते. शेव-उसळीची शेवही न्या, पण छोट्या पाकिटांत. मोठं पाकीट एकदा फोडलं की दुसऱ्या दिवशी मऊ.

भाज्यांत कांदे-बटाटे (वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत, एकत्र ठेवले की लवकर खराब होतात), लाल भोपळा, सुरण, कोबी, बीट. कोबी कापू नका, बाहेरून एकेक पान काढत जा. हिरवं काही खायची इच्छा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फार होते, त्यासाठी मूग-मटकीला सतत मोड आणत राहा. ओल्या फडक्यातली एक पुरचुंडी उद्यासाठी, एक परवासाठी. दही रोज लावा, थोडंच लावा, तेवढंच संपवा. दूध पावडरीचं.

पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीत नेऊ नका. झुरळांची अंडी त्याच्या पन्हाळीत बसून येतात आणि बोटीत शिरलेलं झुरळ घालवणं फार कठीण. धान्य काठावरच घट्ट झाकणाच्या बरण्यांत ओता. केळ्याचा घड आत घेण्याआधी समुद्राच्या पाण्यात बुडवून काढा.

भांड्यांत कुकर सर्वांत मोलाचा. झाकण लॉक होतं, त्यामुळे बोट कलली तरी आतलं सांडत नाही. डाळ-तांदूळ भिजवून, एक-दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून कुकर जाड टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात टेकवायचा, अर्ध्या तासात वरण-भात तयार. लोखंडी तवा-कढई खाऱ्या हवेत रोज गंजतात, त्या घरी ठेवा. जेवायला ताटांऐवजी खोल वाडगे. आणि तळण बंद. पुऱ्या नाहीत, भजी नाहीत. शेजारून एखादी मोठी बोट वेगात गेली तरी तिच्या लाटेने आपली बोट हलते, आणि उकळत्या तेलाच्या कढईशेजारी दोन फुटांत पळायला जागा नसते.

गॅसबद्दल मात्र थांबून वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळाला तर दार-खिडकीतून, फटींतून काही तरी बाहेर जातो. बोटीचा तळ सगळीकडून बंद. तिथे गॅस बोटीच्या पोटात, बिल्जमध्ये, जाऊन साठतो आणि पंपाचं बटण दाबल्यावर उडालेली ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून सिलिंडर केबिनमध्ये कधीही नाही. तो कॉकपिटच्या अशा कप्प्यात ठेवायचा ज्याच्या तळातून बाहेर पडणारी नळी समुद्रावर उघडते. प्रत्येक स्वयंपाकानंतर आधी सिलिंडरची झडप बंद करायची आणि शेगडीची बटणं नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत विझल्यावरच. ही सवय घरी आजपासून लावा. चहा झाला, रेग्युलेटर बंद. रात्री दूध गरम केलं, रेग्युलेटर बंद. सहा आठवड्यांत हात आपोआप तिकडे जायला लागतो. आणि हवा यायला हॅच उघडी असल्याशिवाय आत शेगडी पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

देवांचंही विचारतात म्हणून सांगते. सुपारीचा गणपती आणि अन्नपूर्णा छोट्या डबीत बसतात, रोजची पूजा होते. निरांजन मात्र केबिनमध्ये लावू नका. कॉकपिटमध्ये, वारा पडलेला असताना लावा.

संडास

लोक इथे बोलायला लाजतात आणि नंतर यावरूनच बोट सोडतात. छोट्या बोटीवर हाताने पंप मारायचा संडास असतो, तो समुद्राचं पाणी आत घेतो आणि मैला बाहेर किंवा टाकीत ढकलतो. आत-बाहेरच्या नळ्यांना बोटीच्या तळाशी झडपा असतात, त्यांना सीकॉक म्हणतात. वापरून झाल्यावर दोन्ही बंद करायच्या, कारण संडासाची जागा पाण्याच्या पातळीच्या खाली असू शकते आणि उघडी राहिलेली झडप बोट बुडवू शकते. पोटातून आलेलं नाही असं काहीही त्यात टाकायचं नाही. कागद नाही, केस नाहीत, पॅड तर मुळीच नाही. पाळीच्या दिवसांत कप वापरणाऱ्यांना सोपं जातं. पॅड वापरत असाल तर ते घट्ट बंद होणाऱ्या डब्यात जमवून काठावर न्यायचे.

बंदरात आणि नदीत मैला सोडू नये. एकतर टाकी हवी, नाहीतर सकाळचा विधी काठावर. लघवी वेगळी करणारा कोरडा संडासही बसवता येतो, त्यात नारळाचा भुसा घालतात. आम्हाला तोच आवडतो. झडपा कमी आणि वास जवळजवळ नाही.

झोप, ओल आणि जे सोडायचं नाही

कमी सोयींत राहायचं म्हणून सगळ्याच सोयी कमी करायला निघालेले काही उत्साही लोक भेटतात. पातळ सतरंजीवर झोपू, कोरडं खाऊ, असं म्हणतात. मला हे पटत नाही. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ज्यांनी विजेशिवाय आणि पिण्याच्या पाण्याशिवाय दिवस काढले, त्यांना विचारा. टीव्ही कोणालाच आठवला नाही. प्यायचं पाणी, कोरडं अंथरूण, गरम घास आणि फोनला थोडं चार्जिंग, याच गोष्टी सगळ्यांनी आधी मागितल्या. बोटीवरही याच गोष्टींना हात लावायचा नाही. बाकी सगळ्यावर खुशाल कात्री चालवा.

गादी चांगली घ्या, चार इंची तरी. तिच्याखाली हवा खेळायला हवी, म्हणून फळीवर जाळीदार चटई किंवा लाकडी पट्ट्या टाका. अंगाच्या उबेने वाफ खाली जाते आणि गार फळीवर पाणी होऊन बसते, आठवड्यात गादीच्या पोटाला काळे ठिपके येतात. रोज सकाळी गादी उभी करून ठेवा. घरी आतापासूनच अंथरूण उचलायची सवय लावा.

मीठ हवेतली ओल ओढून घेतं. खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे कितीही वाळवले तरी संध्याकाळी पुन्हा दमट लागतात. म्हणून खारट कपडे घालून केबिनमध्ये यायचं नाही, अंथरुणावर बसायचं तर नाहीच. काठावरून आलं की पाय गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून मग आत. या नियमावरून पाहुण्यांना टोकलं तर वाईट वाटू देऊ नका.

आवाजांची सवय व्हायला वेळ लागतो. दोर डोलकाठीवर आपटत राहिले की टकटक रात्रभर चालते, झोपण्याआधी ते दोर बाजूला ओढून बांधा. वारा वाढला तर मध्यरात्री उठून नांगर सरकला नाही ना ते बघावं लागतं. काठावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेवा, रेष मोडली तर बोट सरकली.

सामान

कडक सूटकेस आणू नका, ती ठेवायला जागाच नसते. माणशी एक मऊ पिशवी आणि एक प्लास्टिकचा क्रेट. सुती कपडे चार-पाच, एक लांब बाह्यांचा उन्हासाठी, एक पातळ शाल. रेशीम आणि चामडं घरी. दोन्हींना बुरशी धरते. कागदपत्रं, औषधं, चार्जर झिपच्या जाड पिशव्यांत. सामान बाकाखाली कुठे काय ठेवलं त्याची यादी वहीत लिहा, नाहीतर हिंगाची डबी शोधायला अख्खी बोट उपसावी लागते.

दोघांमध्ये

एकांत नावाची गोष्ट बोटीवर वेळेत मिळते, जागेत नाही. सकाळी एकाने तासभर पुढे डेकवर बसायचं, दुसऱ्याने आत, आणि त्या तासात "अगं ऐक ना" चालत नाही. तक्रार त्या दिवशीच बोलून टाकायची. दार आपटायला दार नसतं, त्यामुळे भांडण लवकर मिटवावंच लागतं. ज्यांच्या घरात एकाने सोय सोडायची आणि दुसऱ्याने फक्त हौस करायची अशी वाटणी आहे, त्यांनी आधी ती वाटणी बदलावी. पाणी भरणं, भांडी, संडासाची सफाई या तिन्ही कामांची पाळी घरच्या सरावापासूनच दोघांत लावा.

मग जा, पण टप्प्याटप्प्याने

स्वतःची बोट लगेच घेऊ नका. ओळखीच्या किंवा भाड्याच्या बोटीवर आधी दोन-तीन रात्री काढा, बोट मरिनात किंवा अगदी शांत नदीत असताना. पोट ढवळलं तर आत बसू नका, बाहेर येऊन लांब क्षितिजाकडे बघा. बहुतेकांना दोन दिवसांत बरं वाटतं. नंतर एक आठवडा, मग एक महिना. बोटीवर रात्रीचा मुक्काम करायला त्या बंदराची किंवा मरिनाची परवानगी लागते का ते आधी विचारा, जागेप्रमाणे नियम वेगळे असतात.

पहिला महिना एकही नवी वस्तू विकत घेऊ नका. त्याऐवजी वहीच्या मागच्या पानावर, जे नसल्याने अडलं ते तारखेसह लिहा. एकाच वस्तूचं नाव वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा आलं तर ती आणा. आमच्या पानावर सर्वांत आधी तीनदा आलेली वस्तू होती झाकणाचा जाड कप, आणि दुसरी, वाचायला उशाशी लावायचा छोटा दिवा. फ्रिजचं नाव पहिल्या आठवड्यात दोनदा आलं आणि मग पुन्हा आलं नाही.